गेटमध्ये मीठ

तुर्भे स्टोअरच्या भंगारात सापडले नऊ डबे.
झुबेरला हवी होती त्यातली चांदी.
काळीपांढरी फिल्म ॲसिडात सोडली
की माणसं निघून जातात, चांदी तळाला बसते,
असं तो म्हणाला, आणि उकळायच्या आधी
एकदा बघून घे म्हणून माझ्याकडे टाकून गेला.
रबाळे एमआयडीसी, दुसरा मजला,
रात्रपाळीला मी आणि स्कॅनर,
खालून बिस्किटांच्या कारखान्याचा वास.

डब्यावर गंजातून वाचता आलं : ह. मढवी.

आमच्या तळवलीत हे नाव जेवताना घेत नाहीत.
जमिनीचे पैसे आले त्या साली
कुणी बुलेट घेतली, कुणी हळदीला तीन दिवस बँड लावला,
हसुरामनं चावीचा कॅमेरा घेतला.
मिठागरावर पिक्चर काढतो म्हणाला.
बांध टिपला, बांध गेला.
नामाचं घर टिपलं, दारावर नंबर पडला, घर गेलं.
आधी नंबर पडला की आधी कॅमेरा लागला
हे आता कोण सांगणार.
म्हाताऱ्या एवढंच म्हणत : हसूनं टिपला, त गेला.
पिक्चर कुठेच लागला नाही.
हसुरामही मग दिसला नाही.

पहिल्या रिळात मीठच. ढीग, फावडी, ऊन.
बायका टोपल्या घेऊन बांधावरून चालतात.
आवाज नाही.
दुसऱ्यात त्याच बायका, एक कमी.
तेव्हा मी मोजलं नव्हतं. पाचव्यात मोजायला लागले
आणि मागे जाऊन सगळं परत मोजलं.

दर रिळाच्या सुरुवातीला शाळेची पाटी, त्यावर खडूनं :
मिठागर. दिग्दर्शन ह. मढवी. कॅमेरा : पोशा.
तिसऱ्यात पोशावर रेघ, खाली काथोड.
सहाव्यात काथोडवर रेघ, खाली जोमा.
जोमा म्हणजे आईचा मामा,
बहरीनला गेला आणि पत्र नाही आलं, तो.

हसुराम स्वतः कायम कॅमेऱ्यासमोर,
लांब, कोंडीच्या पलीकडे, पाठमोरा,
घोट्याएवढ्या पाण्यात.
दर रिळात पाणी तेवढंच. तो थोडा कमी.

नवव्यात बायका नाहीत.
पाटी समोर येते. धरणारा हात ओला,
करंगळी अर्धी. आई सांगायची,
मामाची करंगळी रहाटात गेली होती.
जोमावर रेघ.
खाली कॅमेरा, दोन टिंबं, आणि कोरं.
पाटी हलत नाही. बावीस सेकंद मी बघत होते,
ती मला.

मग स्कॅनर अडला.
ब्रशनं गेट झाडलं : बारीक पांढरे खडे.
नोंदवहीत लिहिलं, रात्री तीन दहा, गेटमध्ये मीठ.
बोट जिभेकडे निघालंच होतं.
खाल्ल्या मिठाला जागायचं, हे आमच्या घरात
नुसतं म्हणायला म्हणत नाहीत.
बोट ओढणीला पुसलं. ओढणी तिथेच टाकून आले.

सकाळी झुबेरला सांगितलं, काही नाहीये, कोरं आहे, उकळ.
एका माणसाची चांदी किती निघते
विचारणार होते. नाही विचारलं.

आठ दिवसांनी त्याचा फोन.
चांदी बरी निघाली, म्हणाला. पण पातेल्याच्या तळाला
पांढरं काहीतरी राहिलंय, मूठभर,
ॲसिडातही विरघळेना.
चार पाण्यांनी धुतलं आणि, हसत म्हणाला,
चाखून बघितलं.
मीठ आहे, ताई. साधं मीठ.

मी बोलले नाही.
मग तोही बोलला नाही.
लाइनवर फक्त, त्याच्या अगदी जवळून,
कुणीतरी चावी देत असल्याचा आवाज,
खर्र, खर्र,
सावकाश, स्प्रिंग गच्च होईपर्यंत.